मोतीबिंदूचा वारसा आणि मधुमेहाचा डोळा

‘मोतीबिंदू अजून पिकायचा आहे, पिकला की बघू.’ बेळगाव-खानापूर रस्त्यालगतच्या आपल्या गावांत, मग ते पिरनवाडी असो, मच्छे असो वा देसूर, हे वाक्य घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून न ऐकलेला माणूस विरळा. भात पिकते, फणस पिकतो, तसा डोळ्यातला मोतीही पिकतो आणि पिकल्यावर तो काढून घ्यावयाचा, एवढे नेत्रवैद्यक आपल्या चार पिढ्यांना पाठ आहे. या समजुतीस अडाणीपणा म्हणून हिणवण्याचे कारण नाही. तिच्या मागे मोठा इतिहास आहे आणि एकेकाळी ती शास्त्रशुद्धही होती. परंतु याच समजुतीच्या भरवशावर आज आपल्या घरांतील मधुमेही माणसे दृष्टी गमावीत आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांच्या ७६ व्याधी वर्णिल्या आहेत. त्यांत लिंगनाश नावाने जी व्याधी येते तीवर शलाकेने करावयाची क्रिया सविस्तर सांगितली आहे. डोळ्यातील गढूळ झालेले भिंग या क्रियेत बाहेर काढले जात नसे. टोकदार शलाकेने ते दृष्टीच्या मार्गातून खाली सारले जाई. ही क्रिया करणारे फिरते वैद्य पुढे शतकानुशतके गावोगाव हिंडत असत. पुष्कळांना त्याच क्षणी पुन्हा उजेड दिसे आणि वैद्याचा जयजयकार होई. पुढे त्यांतील अनेक डोळे पू होऊन निकामी होत. पण तोवर वैद्यबुवा पुढच्या मुक्कामी पोहोचलेले असत.

आपल्यासारखीच दक्षिणेत जाऊन स्थिरावलेली जी मराठी घराणी, त्यांच्यापैकी सर्वांत थोर म्हणजे तंजावरचे भोसले. त्या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (१७७७-१८३२) यांचा नेत्रवैद्यकाशी जवळचा संबंध होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेल्यावर या विद्याव्यासंगी राजाने ग्रंथसंग्रह आणि वैद्यक यांत मन गुंतवले. धन्वंतरी महाल ही त्यांची वैद्यकशाळा. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळच्या नेत्ररुग्णांची टिपणे अद्याप जपलेली आहेत. रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार कोणता आणि परिणाम काय झाला, यांची नोंद त्यांत असून सोबत डोळ्यांची हाताने काढलेली रंगीत चित्रे आहेत. फिरता वैद्य आणि सरफोजीराजे यांच्यातील खरा भेद हत्यारांचा नव्हता, नोंदीचा होता. आज डोळा कसा आहे हे लिहून, रेखाटून ठेवायचे आणि पुढे तोच डोळा पुन्हा पाहायचा, ही दृष्टी त्या राजापाशी होती. सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला दप्तराचे महत्त्व जरा अधिकच वाटते, हा दोष वाचकांनी पदरात घ्यावा. परंतु या नोंदीचे प्रयोजन पुढे मधुमेहाच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

आता ‘पिकण्या’विषयी. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयपरत्वे पांढरट व अपारदर्शक होणे. ते अर्धेमुर्धे गढूळ असताना काढण्यास अवघड जाई. पूर्ण गढूळ झालेले भिंग अधिक सुलभतेने बाहेर येई. शिवाय भिंग काढल्यानंतर रुग्णाला जाड काचांचा चष्मा लावूनच जगावे लागे, त्यामुळे थोडेफार दिसत असताना तो सोस करण्यात शहाणपणाही नव्हता. म्हणून शस्त्रवैद्य स्वतःच रुग्णाला परत पाठवीत: अजून पिकलेला नाही, पुढच्या वर्षी या. ते वाक्य मुळात डॉक्टरांचे होते. आपल्या आजोबांनी ते केवळ जपून ठेवले. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले आणि चार्ल्स केल्मन यांनी १९६७ साली ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घेण्याची रीत शोधली. या दोन शोधांनंतर पिकण्याची वाट पाहण्याचे कारण संपले. वाक्य मात्र टिकले.

या वाक्याचा आपल्या मुलखात प्रसार झाला तो प्रथम मिरजेहून. विल्यम जेम्स वॉन्लेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. पुढे ते वॉन्लेस रुग्णालय म्हणूनच ओळखले जाऊ लागले. पुण्याहून मिरज-बेळगावमार्गे लोंढ्याकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज वाट तेव्हा नवी होती. त्या गाडीने संस्थानी मुलखातले आणि इकडचेही आंधळे, अर्धआंधळे लोक मिरजेला जाऊ लागले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी वॉन्लेसांचे नाव दक्षिण महाराष्ट्रात दुमदुमत होते. १९२८ साली त्यांना ‘सर’ किताब मिळाला आणि १९३३ साली ते निवर्तले. मिरजेला नेले आणि डोळे आले, अशी आठवण अनेक जुन्या घराण्यांत सांगतात. हात धरून गाडीत बसवलेली आजी स्वतःच्या पायांनी घरी येते, हा प्रसंग ज्या घरात घडला त्या घरात तो पुराणकथेसारखा पिढ्यान्‌पिढ्या राहतो.

दुसरे मोठे नाव डॉ. एम. सी. मोदी यांचे. हे तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातील बिळगीचे, जन्म १९१६ चा. १९४३ पासून त्यांनी फिरत्या नेत्रशिबिरांचे व्रत घेतले आणि शाळा, मठ, धर्मशाळा, मिळेल त्या जागी टेबले मांडून शस्त्रक्रिया केल्या. एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याची त्यांची नोंद गिनीजच्या विक्रमग्रंथात आहे आणि त्याच ग्रंथानुसार फेब्रुवारी १९९३ पर्यंत त्यांच्या शस्त्रक्रियांची संख्या ६,१०,५६४ झाली होती. १९५६ साली पद्मश्री व १९६८ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. २००५ साली ते गेले. उत्तर कर्नाटकात ‘डोळ्यांचे शिबिर’ हे शब्द उच्चारले की ज्या प्रतिमा मनात उभ्या राहतात, ओळीने मांडलेल्या सतरंज्या, हिरवी पट्टी बांधलेले म्हातारे, स्वयंसेवकांनी वाढलेला भात आणि आमटी, त्या सगळ्या या परंपरेतल्या आहेत.

शासनानेही हीच वाट धरली. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने मोतीबिंदू-अंधत्वाचा मोठा प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला, त्यांत महाराष्ट्र होता. कर्नाटकात डेन्मार्कच्या ‘डॅनिडा’ संस्थेचे साहाय्य होते. प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या काळात तालुका पातळीवरील अशा शिबिरांची कागदपत्रे पाहिली आहेत. त्यांत एक रकाना ठळक असे: उद्दिष्ट किती, साध्य किती. शस्त्रक्रियांची संख्या मोजता येते, म्हणून ती मोजली गेली. तिने लक्षावधी लोकांना दृष्टी दिली, याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. परंतु त्या कागदांत ‘नेत्रतळ तपासला’ असा रकाना नव्हता. शिबिरात येणाऱ्या माणसाचे दोनच प्रकार असत, मोतीबिंदू असलेला आणि मोतीबिंदू नसलेला. दुसऱ्याला चष्म्याचा नंबर किंवा थेंबांची बाटली देऊन घरी पाठवले जाई.

या सर्व वारशाने आपल्या मनावर तीन गोष्टी बिंबवल्या. अंधत्व हळूहळू येते आणि ते आल्याचे माणसाला कळते. आलेले अंधत्व शस्त्रक्रियेने परत जाते. आणि म्हणून थांबण्यात काही तोटा नसतो. मोतीबिंदूपुरत्या या तिन्ही गोष्टी बहुतांशी खऱ्या. मधुमेहामुळे होणाऱ्या डोळ्याच्या विकारात यांपैकी एकही खरी नाही.

आमच्याच भावकीतील एक काका, शेती सांभाळून राहणारे, अठरा वर्षांचे मधुमेही. उजव्या डोळ्याने धूसर दिसू लागले तेव्हा घरात एकमताने निदान झाले: मोतीबिंदू. भाताची मळणी आटोपली की दाखवू, असे ठरले. मळणी झाली, मग नातीचे लग्न निघाले. एके सकाळी त्यांना डाव्या डोळ्यापुढे काळी जाळी तरंगताना दिसली आणि दुपारपर्यंत त्या डोळ्याने फक्त उजेड-अंधार कळू लागला. पडद्याच्या डॉक्टरांकडे नेल्यावर समजले की मोतीबिंदू होता, पण किरकोळ. डाव्या डोळ्यात रक्तस्राव झाला होता आणि उजव्या डोळ्याच्या पडद्याला मध्यभागी सूज होती, तीही बऱ्याच दिवसांची. उपचार पुष्कळ झाले. एका डोळ्याची थोडी दृष्टी हाती राहिली. काकांनी शेवटपर्यंत विचारलेला प्रश्न एकच होता: ‘मोती काढला, मग दिसत का नाही?’ त्यांच्या पिढीच्या साऱ्या अनुभवाला धरून तो प्रश्न रास्त होता.

मधुमेह हा आपल्याकडे नवा नाही. प्रमेहाचे २० प्रकार प्राचीन आचार्यांनी सांगितले व त्यांत मधुमेहाला असाध्य गणले. लोकमान्य टिळक मधुमेही होते हे प्रसिद्धच आहे. मंडालेच्या तुरुंगात (१९०८-१९१४) त्यांना या रोगामुळे आहाराचे कडक पथ्य पाळावे लागले. सुटकेनंतर १९१६ च्या एप्रिल महिन्यात ते आपल्या बेळगावात आले आणि येथील प्रांतिक परिषदेच्या वेळी होमरूल लीगची स्थापना झाली. त्या वेळी साठीला आलेल्या या नेत्यापाशी मधुमेहावर पथ्याखेरीज दुसरा इलाज नव्हता, कारण जगात कोणापाशीच तो नव्हता. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले. टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्या रुग्णाला टोचले गेले.

इन्सुलिनने माणसे जगली आणि येथेच डोळ्यांच्या कथेला कलाटणी मिळाली. पूर्वी ज्यांना तरुणपणी मधुमेह होई ती मुले वर्ष-दोन वर्षांत दगावत. डोळे बिघडण्याइतके आयुष्यच त्यांना मिळत नसे. आता ती वीस वर्षे, तीस वर्षे जगू लागली आणि त्यांच्यापैकी अनेकांची दृष्टी भर तारुण्यात जाऊ लागली. एका विजयाने दुसरे दुःख उघडे पाडले, असे वैद्यकाच्या इतिहासात वारंवार घडते.

डोळ्याचा पडदा जिवंत माणसात पाहता येऊ लागला तो हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केल्यापासून. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५५ साली, व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर यांनी मधुमेही रुग्णाच्या पडद्यावर पिवळसर ठिपके व रक्ताचे डाग पाहिल्याची नोंद केली. त्या काळचे नेत्रवैद्यकातील सर्वांत वजनदार नाव असलेले फॉन ग्रेफे यांनी मधुमेहाशी याचा संबंध असल्याचे मानले नाही. १८७२ साली लंडनच्या एडवर्ड नेटलशिप यांनी पुन्हा तेच निरीक्षण मांडले. तरीही वाद चालूच राहिला. हे डाग वार्धक्याचे की रक्तदाबाचे की मधुमेहाचे, याचा निकाल लागण्यास १९४३ साल उजाडावे लागले. ग्लासगोचे बॅलंटाइन यांच्या अभ्यासानंतर हा मधुमेहाचाच स्वतंत्र विकार आहे, ही गोष्ट मान्य होत गेली. जवळजवळ नव्वद वर्षे तज्ज्ञच जर या निदानाशी झगडत होते, तर भावकीतील काकांना दोष कोणी द्यावा?

विकाराचे स्वरूप थोडक्यात असे. डोळ्याचा मागचा पडदा हा शरीरातील फार भुकेला भाग. त्याला रक्ताचा अखंड पुरवठा लागतो आणि तो केसाहून सूक्ष्म अशा रक्तवाहिन्यांनी होतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. प्रथम त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे फुगवटे येतात. मग त्यांतून पाणी व स्निग्ध पदार्थ झिरपतात. हे झिरपणे पडद्याच्या मध्यभागी, ज्या पीतबिंदूने आपण अक्षर वाचतो आणि माणसाचा चेहरा ओळखतो तेथे झाले, तर सूज येऊन दृष्टी मंदावते. दुसरीकडे काही वाहिन्या बुजतात, पडद्याचे तुकडे उपाशी पडतात आणि ते रासायनिक हाक देऊन नव्या वाहिन्या उगवायला लावतात. या नव्या वाहिन्या म्हणजे पावसाळ्यात पडक्या भिंतीवर उगवलेल्या रोपट्यांसारख्या, भिंतीला आधार तर देत नाहीतच, उलट तिला फोडतात. त्या सहज फुटून डोळ्याच्या पोकळीत रक्त भरते, अथवा त्यांच्याबरोबर वाढलेला तंतूंचा जाळ आकसून पडदाच ओढून सोडवतो.

या साऱ्यात भयंकर गोष्ट ही की यांतील बराचसा काळ रुग्णाला काहीही जाणवत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, दिसणेही कमी होत नाही. परीक्षकाच्या फलकावरील शेवटची ओळ वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावर नव्या वाहिन्या उगवलेल्या असू शकतात. शिबिरातील चष्म्याचा नंबर काढणारी तपासणी त्याला निरोगी ठरवील.

उपायांचा इतिहासही सरळ नाही. १९५० च्या दशकात, बाळंतपणात मेंदूतळाची पीयूषिका ग्रंथी निकामी झालेल्या एका मधुमेही स्त्रीच्या पडद्याचा विकार मागे हटल्याचे डेन्मार्कच्या पोल्सेन यांनी नोंदवले (१९५३) आणि त्यावरून रुग्णांची ती ग्रंथी काढून टाकण्याचे अघोरी उपचार काही वर्षे झाले. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. परंतु त्या वेळी दुसरे काहीच हाती नव्हते.

खरा मार्ग निघाला तो सूर्यग्रहणातून. ९ जुलै १९४५ रोजी उत्तर युरोपात दिसलेले ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या पीतबिंदूवर भाजल्याचा व्रण पडला. जर्मन नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी तो पाहिला आणि त्यांच्या मनात उलटा विचार आला: जो प्रकाश पडदा जाळतो, तोच मोजून-मापून वापरला तर पडद्यावरचा दोष जाळता येईल. आरशांनी सूर्याचे किरण छपरावरून खाली आणून त्यांनी १९४९ मध्ये प्रत्यक्ष उपचार केले. ढग आले की शस्त्रक्रिया थांबे. पुढे झेनॉनचा दिवा आला, १९६० मध्ये लेझरचा शोध लागला आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कचे लेस्परन्स यांनी आर्गॉन लेझर मधुमेही डोळ्यांवर वापरले. आपल्याकडच्या ज्येष्ठांना १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण आठवत असेल. त्याचा पट्टा आपल्या दक्षिणेकडून अंकोला, हुबळी, रायचूर असा गेला होता आणि त्या दुपारी रस्ते ओस पडले होते. ग्रहण पाहू नये या आपल्या जुन्या दंडकात डोळ्यांपुरते तथ्य होते. तो विद्यार्थी त्याचा साक्षी आहे.

लेझरचा गुण अंदाजाने मानला गेला नाही. अमेरिकेत १९७१ साली सुरू झालेल्या अभ्यासात सतराशेंहून अधिक रुग्णांचा एक डोळा लेझरने उपचारित करून दुसरा तसाच ठेवला गेला. १९७६ मध्येच असे दिसले की उपचार केलेल्या डोळ्यांत तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. तेव्हा दुसऱ्या डोळ्यालाही उपचार देण्याचे ठरले. १९७० च्या सुमारास मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्याच्या पोकळीतील रक्त व तंतू बारीक छेदांतून काढण्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली. उपाशी पडद्याची ती ‘रासायनिक हाक’ कोणत्या प्रथिनाची, हेही १९९४ पर्यंत मधुमेही डोळ्यांतील द्रव तपासून स्पष्ट झाले आणि त्या प्रथिनाला अडवणारी औषधे २००५ नंतर डोळ्यात टोचली जाऊ लागली. पीतबिंदूच्या सुजेवर आज हीच इंजेक्शने प्रमुख उपचार आहेत. ती एकदा देऊन भागत नाही. आरंभी महिन्यागणिक आणि पुढे गरजेप्रमाणे ती घ्यावी लागतात. मोतीबिंदूप्रमाणे एकदाच जाऊन आलो अशी ही गोष्ट नव्हे, आणि आपल्या घरांत उपचार अर्ध्यावर सुटतो तो बहुधा येथेच.

एवढे सारे उपाय असूनही एक मर्यादा आहे. लेझर असो वा इंजेक्शन, उरलेली दृष्टी राखणे हे त्यांचे मुख्य काम. मेलेला पडदा त्यांनी जिवंत होत नाही. सुजेत गेलेली काही दृष्टी वेळेवर गेल्यास परत येते, उशीर झाल्यास येत नाही. म्हणजे मोतीबिंदूच्या न्यायाच्या नेमके उलट: येथे पिकण्याची वाट पाहिली तर काढण्यासारखे काही उरत नाही.

डोळ्याचे संरक्षण डोळ्यापाशी सुरू होत नाही, ही आणखी एक गोष्ट. १९९३ साली पूर्ण झालेल्या, १,४४१ इन्सुलिनावलंबी रुग्णांच्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात साखर काटेकोर ताब्यात ठेवणाऱ्यांत डोळ्याचा विकार नव्याने उद्भवण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासाने प्रौढांच्या मधुमेहातही हेच दाखवले आणि रक्तदाब आवरण्याचे महत्त्व तेवढेच असल्याचे पुढे आणले. बेळगावच्या कुंद्याविरुद्ध लिहिण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण त्याचा डबा घरात कोणाच्या हाताला लागेल अशा जागी ठेवावा, याचा विचार सूनबाईंनी अवश्य करावा.

आपल्याकडे हा रोग एवढा का फैलावला, याचे एक उत्तर पुण्यातून मिळाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास चालवला. दिसायला किरकोळ भारतीय बाळाच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असे त्यांना आढळले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी ब्रिटिशाची ९.१ टक्के आणि पुणेकराची २१.२ टक्के. सडपातळ आहे म्हणून मधुमेह होणार नाही, हा समज त्या एका छायाचित्राने मोडीत काढला. मच्छे गावाकडे पाहिले तर हे चित्र कसे तयार झाले ते डोळ्यांसमोरच दिसते. औद्योगिक वसाहत आली, १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आले, शेते घरांच्या जागा झाली, हलगा-मच्छे वळणरस्त्याने सुपीक जमीन घेतली. आजोबांच्या पायाखालचे बांध गेले. ताटातला भात मात्र आजोबांच्याच मापाचा राहिला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यात तर प्रौढांपैकी २६.४ टक्के, म्हणजे चारांत एकाहून जास्त. २०१५ ते २०१९ या काळात एम्सच्या तज्ज्ञांनी पन्नाशीवरील लोकांची जी राष्ट्रीय पाहणी केली तीत मधुमेहींपैकी १६.९ टक्क्यांच्या पडद्यावर विकाराची चिन्हे होती आणि ३.६ टक्क्यांची दृष्टी त्यामुळे धोक्यात होती. त्या पाहणीतील सर्वांत बोलका आकडा वेगळाच: आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक असलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोकांचा नेत्रतळ एकदाही तपासला गेलेला नव्हता. यात दारिद्र्य आहे, अंतर आहे, हे खरे; पण त्याहून अधिक ती जुनी शिकवण आहे. दिसते आहे ना, मग डॉक्टरकडे कशाला?

पूर्वी पडद्याच्या विकारासाठी आपल्याकडील सधन लोक चेन्नईला जात. डॉ. बद्रीनाथ यांनी १९७८ साली तेथे शंकर नेत्रालय स्थापन केले होते. आता तेवढ्या लांब जाण्याचे कारण उरलेले नाही. बेळगावात १९६३ पासूनचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले केएलईचे रुग्णालय आहे, सरकारी बाजूला बिम्सशी संलग्न जिल्हा रुग्णालय आहे आणि हुबळीला एम. एम. जोशी नेत्रसंस्था आहे. बाहुली न रुंदावता पडद्याचे छायाचित्र घेणारे कॅमेरे आले आहेत. ती छायाचित्रे संगणकाकडून वाचून घेण्याचे प्रयोग २०१६ पासून मदुराईच्या अरविंद व चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या सहभागाने झाले.

तपासणीचे वेळापत्रक वैद्यकाने ठरवून दिले आहे. प्रौढपणी मधुमेह झालेल्याने निदान झाल्याबरोबरच पडदा तपासावा, कारण रोग कळण्यापूर्वी काही वर्षे तो अंगात असतोच. लहानपणी झालेल्याने पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी करावी. त्यानंतर दोघांनीही दर वर्षी, आणि विकार दिसल्यास डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. मधुमेही स्त्रीला दिवस राहिले तर सुरुवातीलाच व पुढेही तपासणी हवी, कारण गरोदरपणात हा विकार वेगाने वाढू शकतो. घरात याच तपासणीची सर्वाधिक हेळसांड होते ती स्त्रियांच्या बाबतीत. सासऱ्यांना दवाखान्यात घेऊन जाणारी सून स्वतःची साखर चुलीपाशीच विसरते.

जाताना एवढे ध्यानात ठेवावे की बाहुली रुंद करणारे थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचे धूसर दिसते आणि उन्हाचा त्रास होतो. म्हणून दुचाकीवरून एकट्याने जाऊ नये. सोबत कोणी तरी न्यावे आणि काळा चष्मा ठेवावा. नुसता चष्म्याचा नंबर काढून परत पाठवले तर ‘पडदा पाहिला का?’ असे स्पष्ट विचारावे. पडद्याचे छायाचित्र काढले असेल तर त्याची प्रत तारखेसह मागून घ्यावी आणि साखरेच्या अहवालांबरोबर एकाच फायलीत लावावी. पुढच्या वर्षीचे छायाचित्र त्याच्याशीच ताडून पाहायचे असते. अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. घरातील शिकलेल्या नातवंडाकडून त्यातील दोन गोष्टी वाचून घ्याव्यात, पीतबिंदूला सूज आहे किंवा नाही आणि नव्या वाहिन्या आहेत किंवा नाहीत. आणि तिसरी, पुढच्या भेटीची तारीख, ती कालनिर्णयच्या त्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.